बाबा वर बघत नाहीत

माझ्या कार्डावर ‘ट्री सर्जन’ असं छापलेलं आहे. दिल्लीत ते कोणी वाचत नाही. फोन येतो तो असा : “पेड़ काटने वाली मैडम बोल रही हैं?” सुरुवातीला मी फोनवरच भांडायचे. आता “जी, बोलिए” म्हणते आणि जागेवर जाऊन भांडते.

झाड तोडायचंच असेल तर कुऱ्हाडवाले मिळतात. ते अनवाणी चढतात आणि दुपारपर्यंत झाडाचा खांब करून देतात. माझं काम निराळं आहे. वाळलेली, कुजलेली, तारांवर टेकलेली फांदी तेवढी काढायची, आणि तीही अशा जागी कापायची की झाडाला आपली जखम भरून काढता येईल. बुंध्याभोवती ओतलेलं काँक्रीट फोडायचं. खोडात रुतलेले खिळे उपसायचे. भार एकाच बाजूला गेला असेल तर तो हलका करायचा. यातलं बरंचसं कमरेला पट्टा बांधून, दोराला लटकून.

मी वाढले सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढायचे आणि घरी आल्यावर आमच्या. क्वार्टरच्या मागे एक जांभूळ होतं. शाळेतून आले की दप्तर खाली आणि मी वर. आई खालून ओरडायची, बाबा आत निघून जायचे, आणि माझा मोठा भाऊ, दादा, खाली उभा राहून जांभळं वेचायचा आणि वर मलाच दरडावायचा की कच्ची टाकू नकोस. पुढे कॉलेजात असताना अरवलीच्या कातळांवर दोराने चढायला शिकले. मग बागांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत लागले, झाडांचं शिकले आणि शेवटी स्वतःचं सुरू केलं. तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, “पेन्शन?” मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आता मी फरीदाबादला राहते. आमच्या गच्चीवर कपड्यांपेक्षा दोर जास्त वाळत असतात. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, बेटा, घरात गाय आहे का.

या धंद्यात झाडावर चढणं हा सगळ्यांत सोपा भाग. नाकी नऊ येतात ते चढायच्या आधी. स्वतःच्या अंगणातल्या झाडाची जाड फांदी काढायलासुद्धा इथे परवानगी लागते. ती लागायलाच हवी, मी त्याच्या विरुद्ध नाही, पण परवानगी येईपर्यंत एकतर गिऱ्हाइकाचा उत्साह मावळलेला असतो किंवा फांदी आपली आपणच पडलेली असते. परवानगी आली की वीजवाल्यांना सांगून तारा बंद करून घ्यायच्या. नेमकी त्या दिवशी झाडाखाली शेजाऱ्यांची गाडी उभी असते आणि शेजारी डेहराडूनला गेलेले असतात. गाडी हललीच, तर वर घारीचं घरटं सापडतं, की पिल्लं उडेपर्यंत काम पुढे. कापलेल्या फांद्या कुठे टाकायच्या, हा प्रश्न काम संपेपर्यंत कोणाला सुचत नाही. विम्याच्या एजंटला मी काय करते ते सांगितलं तेव्हा त्याने चहा संपवला, बिस्किटाला नको म्हणाला आणि उठला. आणि करवत सुरू झाली रे झाली की गल्लीतून कोणीतरी मोबाईल उंचावत येतं, “ये लोग पेड़ काट रहे हैं!” त्यांचा मला राग येत नाही. उलट झाडासाठी कोणीतरी भांडतंय याचं बरंच वाटतं. फक्त शेंड्यावरून त्यांना समजावता येत नाही.

बाई असल्याचा ताप आणखी वेगळा. मी हेल्मेट घालून समोर उभी असायचे आणि कोठीचे, म्हणजे बंगल्याचे, मालक माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारायचे, “सर कब आएँगे?”

आई गेली त्यानंतर बाबा माझ्याकडे राहायला आले. दादा पुण्याला असतो, तिथला फ्लॅट मोठा, पण बाबांचा सगळा जन्म दिल्लीत गेलेला. सुरुवातीला ते दिवसभर आवाज बंद करून टीव्हीवरच्या बातम्या बघत बसायचे. मी संध्याकाळी आले की टीव्ही बंद करून विचारायचे, “आज कुठे होतीस?” एका सकाळी त्यांनी आधीच विचारलं, “आज कुठे?” मी सांगितलं. मग म्हणाले, “मी येऊ?”

इस्त्रीची पँट, पायात बूट, हातात घडीची खुर्ची, असे ते टेम्पोत पुढे बसले. जागेवर पोचल्यावर आम्ही झाडाभोवती लाल पट्टी बांधतो. तिच्या आत फांद्या पडतात, आत कोणी यायचं नाही. बाबांना मी पट्टीच्या बाहेर सावलीत बसवलं. तेवढ्यात मालक आले. मला ओलांडून थेट खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, “सर, बताइए, क्या करना है?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत म्हटलं, “म्हणा, देखना पड़ेगा.”

“देखना पड़ेगा,” बाबा म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी सरकारी नोकरीत इतक्या वेळा म्हटलेले होते की त्यांना वजन आपोआप आलं. मालक एकदम शांत झाले. मला त्यांना इतकं शांत करायला अर्धा दिवस लागला असता.

तेव्हापासून बाबा आमचे सर. आमची पद्धतच पडून गेली. गिऱ्हाईक त्यांना विचारणार, ते माझ्याशी मराठीत बोलणार, मी मराठीत उत्तर देणार, आणि ते हिंदीत निकाल सांगणार. बाबांना कडुनिंब आणि त्याच्यासारखाच दिसणारा बकाणा यांतला फरक आजही सांगता येत नाही. पण हिशेब तपासनिसाची खोड जात नाही. “ये फर्श कब डलवाया?” असं ते सहज विचारायचे, आणि मला ‘झाड आपोआप वाकलं’ म्हणून सांगणारा माणूस त्यांना सांगून मोकळा व्हायचा की गेल्या वर्षी पाइपसाठी खणलं, तेव्हा थोडी मुळं तोडली. मुळं तुटलेलं झाड कुठल्या बाजूला पडेल, याचा विचार मला चढायच्या आधी करावा लागतो. तेव्हा हे कळणं माझ्या जिवाच्या दृष्टीने बरंच होतं.

आणखी एक होतं, ते आम्ही कधी बोललो नाही. दिवसभर दुसऱ्याच्या दारात काम करायचं म्हणजे बाईला बाथरूमचा प्रश्न येतो. पुरुष कुठेही भिंत शोधतात. मी आधी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. दिल्लीच्या मे महिन्यात, दोरावर, पाणी न पिता. बाबांनी हे किती दिवसांनी ओळखलं मला माहीत नाही. एक दिवस ते आपणहून उठले, मालकिणीकडे गेले आणि म्हणाले, “बहनजी, उमर हो गई है, बाथरूम जाना पड़ता है.” त्या बाईंनी अगदी अगत्याने दार उघडून दिलं. परत आल्यावर बाबा मला म्हणाले, “डावीकडे दुसरं दार. स्वच्छ आहे. जाऊन ये.” मग प्रत्येक ठिकाणी ते आधी जाऊन यायचे. त्यांना गरज असायची असं मला वाटत नाही. मी पाणी प्यायला लागले.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. बाबा वर बघायचे नाहीत. मी दोराला कडी अडकवली की ते पेपर उघडायचे, नाहीतर जमिनीकडे बघत बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, सर गहन विचारात आहेत. मी वर इतकी नाजूक कामं करायचे, तारांच्या जाळ्यातून मोठी फांदी दोरावर सोडून अलगद खाली उतरवायचे, गल्लीतली माणसं माना वर करून उभी राहायची, आणि आपला बाप खाली पेपरात. लहानपणापासून हेच. मी जांभळावर असताना आत निघून जायचे, आता निदान बाहेर बसतात, अशी मी मनाची समजूत घालायचे. पण वाईट वाटायचंच. एकदा घरी येताना मी टोमणा मारला, “बाबा, आज छान झालं ना काम? तुम्ही तर बघतच होता.” ते म्हणाले, “हो, अच्छा झालं,” आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

या वर्षी उन्हाळ्यात बाबांना खुर्चीतच चक्कर आली. आमचा दोर सांभाळणारा भैया, जो खालून माझ्या फांद्या उतरवतो, त्याने त्यांना धरलं, पंपाच्या पाण्याने डोकं भिजवलं आणि मला खाली बोलावलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, घाबरण्यासारखं काही नाही, दुपारचं बसवू नका, पाणी पाजत राहा. मी दादाला फोनवर हे असंच सांगितलं. दोन दिवसांनी दादा दारात उभा.

“तू त्यांना वॉचमन करून ठेवलंयस,” तो म्हणाला. बाबा आत झोपलेले होते. “यार, या वयात माणसाला उन्हात रस्त्यावर बसवतात? तुझ्या गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून?”

“मी बसवत नाही. ते येतात.”

“ते तुझं काम बघायला येतात असं वाटतं तुला? मला भैयाने सांगितलंय. ते वरसुद्धा बघत नाहीत. घरी एकटं बसवत नाही म्हणून येतात. पुण्याला त्यांना सोबत असेल, बाग आहे, मराठी बोलणारी चार माणसं आहेत. मी तिकिटं काढतोय. दोघांची.”

मी भांडण्यात कमी पडणारी नाही. पण या वेळी दादाच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती. बाबांचा मला उपयोग होत होता. सरांमुळे कामं मिळत होती, व्हिडिओवाले त्यांच्या हातातला परवानगीचा कागद बघून परतत होते, मी पोटभर पाणी पीत होते. आणि त्यांना मी काय दिलं होतं? घडीची खुर्ची आणि ऊन. रात्रभर मला स्वतःचाच राग येत राहिला.

सकाळी चहा देताना मी विचारलं, “बाबा, दादाबरोबर जायचंय का तुम्हाला?”

त्यांनी बशीत चहा ओतला, निवू दिला. मग मलाच विचारलं, “तुझ्या कामाला अडेल का?”

अडेल, असं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण ते म्हणणं म्हणजे त्यांना पुन्हा त्या खुर्चीला बांधून ठेवणं, असं मला वाटलं. मी म्हटलं, “नाही. बिल्कुल नाही. तुम्ही माझी काळजी करू नका.”

“अच्छा,” बाबा म्हणाले. चहा पिऊन त्यांनी कपाटातून आपली औषधं काढली आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एकेक नीट लावायला लागले. ते जाणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं. मी दोर घेऊन गच्चीवर गेले आणि तिथे रडले.

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. सकाळी माझं दक्षिण दिल्लीतल्या एका कोठीचं काम ठरलेलं होतं, ते हलवता येण्यासारखं नव्हतं. कोठीच्या फाटकापाशी एक जुनं पिलखन होतं, वडापिंपळाच्या कुळातलं, तसंच ऐसपैस. त्याची रस्त्यावर आलेली फांदी जोडाशी तडकलेली होती, आणि खालून शाळेच्या बसेस जात होत्या. परवानगी हातात, तारा बंद, गाड्या हलवलेल्या, असा दिवस पुन्हा लवकर आला नसता. बाबा म्हणाले, “मी येतो. सकाळचंच आहे, ऊन नाही.” दादा म्हणाला, “मग मीही येतो. एकदा बघू तरी दे, तू काय करतेस.” त्याने खरंच कधी बघितलं नव्हतं.

मी भैयाला दोर दिला, बाबा पट्टीच्या बाहेर जाऊन बसले, दादा हाताची घडी घालून त्यांच्या शेजारी उभा राहिला, आणि मी वर गेले. काम चांगलं चाललं होतं. तडकलेली फांदी मी तुकड्यातुकड्याने कापत आत येत होते आणि भैया एकेक तुकडा दोरावरून खाली घेत होता. शेवटचा मोठा तुकडा खाली टेकला आणि माझ्या लक्षात आलं की उजेड पिवळा झालाय. दिल्लीत मे-जूनमध्ये पिवळा उजेड म्हणजे आँधी, धुळीचं वादळ. हवामानवाल्यांनी ती संध्याकाळी सांगितली होती, ती सकाळीच आली.

आता उतरायचंच होतं. पण पहिल्याच झोताला दोन फांद्या हलल्या आणि माझा दोर त्यांच्या बेचक्यात घट्ट दाबला गेला. तो वरही सरकेना, खालीही येईना. अशा वेळी घाई करणारा पडतो. मी कमरेचा आखूड दोर मुख्य खोडाभोवती टाकला, कडी लावली, खोडाला छाती टेकवली आणि डोळे मिटून घेतले. सगळं झाड हलत होतं. नाकातोंडात धूळ जात होती. मला भीती वाटली, खरं सांगायचं तर चांगलीच वाटली.

खाली दादाचा आवाज येत होता. “उतर! खाली ये! उतर लवकर!” तो पुन्हा पुन्हा ओरडत होता, आणि त्याच्या आवाजात इतकी भीती होती की ती मला लागायला लागली. हात घाईने दोराकडे जायला लागले. मग तो आवाज एकदम बंद झाला. नुसता वारा राहिला. माझा श्वास जागेवर आला. झोत जरा ओसरल्यावर मी बेचक्यापर्यंत सरकले, दाबलेला दोर हाताने मोकळा केला, दोनदा ओढून पाहिला आणि मग हळूहळू उतरले.

पाय जमिनीला लागले तेव्हा कोठीचे मालक पोर्चमध्ये होते. दादा पट्टीच्या आत घुसून भैयाबरोबर माझा दोर धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खुर्ची वाऱ्याने कुठेतरी उडाली होती. ती जिथे होती तिथे बाबा उभे होते, एका हाताने लाल पट्टी धरून, मान खाली घालून. डोक्यापासून बुटांपर्यंत धुळीने माखलेले. मालकांनी त्यांना दोनदा आत बोलावलं, ते गेले नाहीत, असं भैयाने मला नंतर सांगितलं. आणि दादाला गप्प त्यांनीच केलं होतं. “ओरडू नकोस,” एवढंच म्हणाले होते, “तिला तिचं काम ऐकू येऊ दे.”

मी हेल्मेट काढलं. बाबांनी मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. रुमालही धुळीचाच होता, पण ते पुसत राहिले.

दादाला अजून धाप लागलेली होती. “बाबा,” तो म्हणाला, “तुम्ही हे रोज बघता?”

“मी बघत नाही. मला बघवत नाही.”

“मग येता कशाला इथे? घरी बसा ना आरामात.”

“घरी बसलो होतो की सुरुवातीला,” बाबा म्हणाले. “घरी बसलो की ही दिवसभर झाडावरच असते. मी आंघोळ करतोय, ही झाडावर. मी जेवतोय, ही झाडावर. संध्याकाळी दार वाजेपर्यंत झाडावर. इथे बसलं की निदान खाली उतरते.”

भैया दोर गुंडाळायचा थांबला होता. त्याला मराठी येत नाही, पण तो आमच्याकडे बघत होता. मी कमरेचा पट्टा सोडायला घेतला आणि मला त्याची कडी सापडेना. इतके दिवस मी हिशेब करत होते की बाबांचा मला उपयोग किती आणि त्यांना त्रास किती, आणि हे माझ्या मनातही आलं नव्हतं. दादा पुढे आला. त्याने मला कधी हात लावून जवळ घेतल्याचं आठवत नाही, त्या दिवशीही घेतलं नाही. त्याने नुसती माझ्या पट्ट्याची कडी शोधून सोडवली.

संध्याकाळी आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. परत आलो ते मी आणि बाबा.